चाखलेलं धरत नाहीत

४ जून

बाबा रे,

फोनवर तू "हो ताई, हो ताई" करत राहतोस आणि मागे कोणाशी तरी खिदळत असतोस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद मध्येच कट करता येत नाही. एका जागी बसून वाच, चालता चालता वाचू नकोस.

तुझा बिस्किटांचा डबा मिळाला. मिळाला तसाच वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मुलांना वाटून टाकला. आता परत पाठवलास तर पोस्टमनच्या हातातूनच माघारी धाडीन. तुला मी सांगितलं होतं की घरात हे काही यायचं नाही. सांगितलं होतं की नव्हतं? तू म्हणालास, "ठिपकी लहान आहे गं." ठिपकी लहान नाही. दहा पूर्ण झाली, आणि वजनाने तर मुळीच लहान नाही.

एप्रिलमध्ये शाळेतून गुलाबी चिठ्ठी आली. नर्सने अख्ख्या वर्गाला काट्यावर उभं केलं. ज्यांचं ठीक, त्यांना काही नाही. ज्यांचं ठीक नाही, त्यांना गुलाबी कागद. म्हणजे कोणाचं ठीक नाही ते शिपायापासून सगळ्यांना कळलं. हुशारच बाई! कागदावर काय, तर 'वयाच्या मानाने वजन जास्त. पालकांनी आहाराकडे लक्ष द्यावे.' पालकांनी! मी पहाटे साडेपाचपासून सव्वीस ऑफिसवाल्यांचे डबे करते. आयुष्य गेलं लोकांच्या आहाराकडे लक्ष देण्यात, आणि ही मला शिकवणार.

तरी दिलं लक्ष. साखर बंद. बेकरी बंद. दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद. कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या गळ्यात. तिला लिफ्टही बंद, चार मजले चालत. दर रविवारी सकाळी काटा, आणि आकडा फ्रिजवरच्या तक्त्यात. एप्रिलअखेर चव्वेचाळीस होती. काल पंचेचाळीस आणि वर दोनशे ग्रॅम!

मला सांग, कुठून आलं हे? माझ्या हातून एक घास जास्त जात नाही. मग उरला कोण? एक तू आणि एक तुझे भाऊजी. ते दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतात, खिशात पान्याबरोबर चॉकलेट असतं. विचारलं तर म्हणतात, "लिफ्टमध्ये आठ माणसं असं लिहिलेलं असतं, कुठली आठ ते कुठे लिहितात? असू दे गं." त्यांच्या 'असू दे'ने एक दिवस माझं डोकं फिरणार आहे.

पोर गुणाची आहे रे. हाक न मारता माझ्याबरोबर उठते, शाळेआधी ओट्याशी स्टुलावर बसून पातेल्यापातेल्याची चव सांगते. मी दुपारपर्यंत तोंडात काही घालत नाही हे तुला माहीत आहे. सगळे डबे तिच्या जिभेवर जातात. तिथे मोठ्या बाईसारखी असते. पण ताटावर बसली की चेहरा असा, जशी मी तिला शिक्षाच करतेय.

ती तुझं ऐकते. तिला एक पत्र लिही. आईचं ऐक, चोरून खाऊ नकोस, असं नीट लिही. विनोद कमी कर.

ताई

१२ जून

ताई,

बसून वाचलं. एका उलट्या बादलीवर बसलो होतो, पण बसलो होतो.

आधी माझी बाजू. डबा चाळीस बिस्किटांचा, जानेवारीत एक आणि मेमध्ये एक. मेमधला तू शिंपीणबाईंकडे दिलास. म्हणजे राहिला जानेवारीचा. तेवढ्याने जूनमध्ये किलोभर चढत असेल, तर मला आईने जन्मभर जे कोंबलं त्याने मी आतापर्यंत दोन माणसं व्हायला हवा होतो. आणि अजून पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं ते आतल्या बाजूला.

मी सध्या एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ताटं धुतो. दुपारी साडेचारशे, संध्याकाळी दोनशे. बंदरावरचं काम सोडलं, का ते विचारू नकोस, एका क्रेनवाल्याशी वाजलं. क्रेनवाला खरं तर वाईट नव्हता, त्याला कबुतरांचा नाद होता... जाऊ दे. इथे माझ्या बाजूला एक म्हातारे उभे असतात, आम्ही त्यांना सर म्हणतो, कारण ते आल्या ताटाची परीक्षा घेतात. "हा हिशेबनीस, भाजी तशीच. हा वेल्डर, ताट धुवायची गरजच नाही. हा घरी भांडून आलाय, सगळं चिवडलंय आणि खाल्लं काहीच नाही." दहातली आठ बरोबर येतात. परवा एक ताट आलं, त्यात पाव अगदी मधोमध चिरून अर्धा ठेवलेला. सर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "याला लहानपणी कोणीतरी मोजून दिलंय." मला वाटलं, म्हातारा आता फेकायला लागला.

ठिपकीसाठी पत्र सोबत आहे. विनोद कमी केलेत, दोनच ठेवलेत.

तुझा भाऊ

(सोबत)

माझ्या लाडक्या भोपळ्या,

तुझ्या आईचा हुकूम आलाय की मी तुला चार शब्द सांगावेत. तर चार शब्द: आईचं ऐक, जिना चढ. झाले चार. आता पाचवा फुकट: हस. जिना चढताना मोठमोठ्याने पायऱ्या मोज, म्हणजे शेजारच्यांनाही व्यायाम होतो, कान झाकण्याचा. चोरून काही खात असशील तर खाऊ नकोस, आणि खाल्लंस तर मला लिही, मी कोणाला सांगणार नाही. माझ्या पोटात फार जागा आहे.

मामा

२० जून

प्रिय मामा,

पत्र मिळालं. जिना मी चढते, त्र्याऐंशी पायऱ्या आहेत.

मी चोरून काहीच खात नाही. खरंच. बाबा चॉकलेट देतात ते मी घेते आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवते. आता अकरा झालीत. खाल्ली तर आईला वाईट वाटेल आणि नको म्हटलं तर बाबांना वाईट वाटेल, म्हणून घेते आणि ठेवते.

मला एक विचारायचंय. चाखलेलं धरतात का? मी आईला विचारलं होतं तर ती म्हणाली, "चाखलेलं धरत नाहीत, ते काम आहे." सकाळी सहा पातेली असतात. सूप, भात, रस्सा, बटाटे, बीन्स आणि गोडाचं एक. प्रत्येक दोनदा चाखायचं, मिठाच्या आधी आणि मिठाच्या नंतर. रस्सा तीनदा, कारण तो बदलतो. मोठ्या डावाने, कारण आई म्हणते टोकाने चाटलं तर चव कळत नाही. भाताबरोबर रस्सा कसा लागतो तेही बघायचं असतं. नंतर नाश्त्याला मला अर्धा पाव आणि अंडं. तोवर मला नको असतं, पण नको म्हटलं की आई म्हणते नाटकं, आत्ता नको म्हणशील आणि मग बाहेर खाशील. म्हणून खाते.

मला चाखायला खूप आवडतं. तेव्हा आई ओरडत नाही. "काय म्हणतेस, मॅडम?" असं विचारते आणि मी सांगेन तेच करते. एकदा मी म्हटलं लिंबू, तर तिने लिंबू पिळलं, आणि डबा घेणाऱ्या एका माणसाने चिठ्ठी पाठवली की आजचं सूप छान होतं. ती चिठ्ठी आईने मला दिली.

ताटावर मात्र ती जेवत नाही. उभी राहून काळी कॉफी पिते आणि माझ्याकडे बघते.

आईला यातलं काही सांगू नकोस हं, नाहीतर ती चाखायचं बंद करेल. तू म्हणालास तुझ्या पोटात जागा आहे.

आणि मला भोपळा म्हणू नकोस. वर्गातपण म्हणतात.

ठिपकी

२९ जून

ताई,

कॅन्टीन सुटलं. आता एका लांबलचक पुलाला रंग देणाऱ्या टोळीत आहे. पूल इतका लांब की या टोकाला पोचेपर्यंत त्या टोकाचा रंग उडायला लागतो, म्हणजे नोकरी जन्माची. कमरेला दोर असतो. खाली पाणी. वारा आला की डब्यातला रंग माझ्यापेक्षा माझ्या मित्राच्या दाढीला जास्त लागतो. तर ते असो.

वर टांगलेला असताना डोक्यात फार जुनं येतं. मला आईचं स्वयंपाकघर आठवलं, वसतिगृहाचं. मी पाचेक वर्षांचा असेन, तू बारा. आई त्या मोठ्या हंड्याशी, आणि तू उलट्या खोक्यावर उभी. आई डाव पुढे करायची, "बघ गं." तू बघायचीस. परत, "आता बघ." तू परत बघायचीस. साठ पोरांचा स्वयंपाक तुझ्या जिभेवर जायचा. आणि मग घरी आपण पानावर बसलो की आई माझ्या ताटात वाढतच राहायची, आणि तुझ्यासमोर हात आडवा धरायची. "पुरे तुला. स्वतःकडे बघ जरा." मला हे लख्ख आठवतंय, कारण तू तेव्हा मान खाली घालायचीस आणि टेबलाखालून मला लाथ मारायचीस. लाथ मलाच का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी काही म्हणत नाही. मला कोणी काही सांगितलेलंही नाही. फक्त एक कर. उद्या सकाळी ओट्यावर एक रिकामा मोठा मग ठेव. ठिपकीला जितके मोठे डाव चाखायला देशील, मिठाच्या आधी आणि मिठाच्या नंतर, तितकेच डाव त्या मगात ओत. ती शाळेला गेली की मगात डोकावून बघ. एवढंच.

पुलावर गंज आधी खरवडावा लागतो, मग रंग. नुसता वरून रंग मारला तर महिन्याभरात पापुद्रा निघतो. हे मी असंच लिहितोय, मुकादम आत्ताच ओरडून गेला म्हणून.

तुझा भाऊ

८ जुलै

बाबा रे,

तुला कोणी काही सांगितलेलं नाही? मला काय दुधखुळी समजतोस? मोठा डाव, मिठाच्या आधी, मिठाच्या नंतर, हे तुला पुलावर टांगलेला असताना वाऱ्याने सांगितलं वाटतं!

आणि आईला यात आणायचं काम नाही. आई गेल्याला सहा वर्षं झाली, तिला आता उत्तर देता येत नाही. साठ पोरांना रांधून रात्री बाईला उभं राहवत नसे. मी तिला हातभार लावायचे, यात काय चुकलं? ती माझ्या भल्यासाठी 'पुरे' म्हणायची. माझं लग्न वेळेवर झालं, दुकानात गेले की माझ्या मापाचे कपडे मिळतात, ते तिच्या त्या हातामुळे. तू तेव्हा पाच वर्षांचा होतास, नाक वाहायचं तुझं. तुला काय कळतंय कोणाला काय वाटायचं!

मग-बिग मी ठेवणार नाही. माझ्याकडे सकाळी श्वास घ्यायला फुरसत नसते आणि हा मला प्रयोग सांगतोय. पण तुझ्या मनात इतकंच असेल तर घे. कालपासून मी ठिपकीला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. सांगितलं तिला, "मामाला वाटतं चाखलेलंही धरतात. तर आजपासून चाखणं बंद. झोप सातपर्यंत." रडली. रडू दे. मामाकडे चुगल्या करताना नाही रडली. आता बघच वजन उतरतं का ते. उतरणार नाही, आणि मग मी तुझी आणि तुझ्या भाऊजींची एकदमच हजेरी घेणार आहे. (ह्यांची चॉकलेटं सापडली. चौदा. दप्तरात लपवलेली. मी म्हटलंच होतं.)

पुलावर दोर नीट बांधत जा.

ताई

२ ऑगस्ट

(कार्ड)

एकाच ओळीचं काम आहे म्हणून कार्ड. ठिपकी त्रेचाळीस. तीन आठवड्यांत दोन किलोंवर उतरली! चॉकलेटं बंद केली त्याचा परिणाम. हूं की चूं करत नाही आता, देईन तेवढं मुकाट खाते, डबा रिकामा आणते. नर्सला दाखवायला तक्ताच घेऊन जाणार आहे. तुझं चाखण्याचं खूळ आता तुझ्याकडेच ठेव.

ताई

५ ऑगस्ट

मामा,

तू सांगितलंस. तू म्हणाला होतास सांगणार नाही.

आता मी सातला उठते. आई आत असते आणि दार लावलेलं असतं. पातेल्यांचा आवाज येतो. काल ती एकटीच म्हणत होती, "काय कळत नाही बाई, काय कळत नाही." मला बाहेरून वासावरून कळत होतं की रस्सा अजून कच्चा आहे. पण मी सांगितलं नाही.

चाखलेलंही धरतात म्हणजे सगळंच धरतात. म्हणून शाळेचा डबा मी माझ्या बाकावरच्या मुलीला देते. तिला फार आवडतो. संध्याकाळचं आईसमोर खावं लागतं. ते मी हळूहळू खाते, आणि ती भांडी घासायला वळली की रुमालात घेते. वजन कमी आलं की आई रविवारी माझ्या केसांवरून हात फिरवते. आधी चाखताना फिरवायची, तसाच.

चढताना मी आता पायऱ्या मोजत नाही, मध्येच आकडा विसरते.

पाणीपण धरतात का? मला लगेच कळव. आईला विचारायचं नाहीये.

ठिपकी

११ ऑगस्ट

ताई,

काल तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस, भाऊजींचा बंद. म्हणून हे पुलावरूनच एका ट्रकवाल्याच्या हाती देतोय. तो तुमच्या रस्त्याने जातो, दारात टाकेल.

ठिपकी शाळेत जेवत नाही. डबा वाटून टाकते. रात्रीचं रुमालात जातं. तिचं पत्र सोबत ठेवलंय. पोरीने विश्वासाने लिहिलेलं दुसऱ्यांदा फोडतोय, ती आता मला कधी लिहिणार नाही, न लिहू दे. शेवटी पाण्याचं विचारलंय ते वाच. मग माझ्यावर काय ओरडायचं ते ओरड.

तुझं चुकलं एवढंच म्हणायला लिहीत नाहीये. मी तिला जन्मल्यापासून भोपळा म्हणतोय. मला वाटायचं तो लाड आहे. तिने नको म्हणून सांगितलं, तेही मी वाचून तसंच सोडून दिलं आणि तुला पुलाच्या गंजाबद्दल लिहीत बसलो. चाखायचं तिला आवडतं, बंद करू नको हे तिने स्पष्ट लिहिलं होतं, तेही मी तुला लिहिलं नाही. ओट्यावर मग ठेव, डोकावून बघ, असलं शहाणपण लिहिलं. तुला टोमणा मारायची मजा वाटली मला. भाऊजी चॉकलेट देऊन मोकळे, मी बिस्किटं पाठवून मोकळा, तू कुलूप लावून मोकळी. आणि ती आपल्या सगळ्यांना सांभाळत बसलीय. दहा वर्षांची पोर!

डॉक्टरकडे ने. शाळेतल्या गुलाबी कागदवालीकडे नव्हे, बसून ऐकणाऱ्या डॉक्टरकडे. आणि तक्ता काढ, ताई. आजच्या आज.

मी यायचं का? मुकादम सोडत नाही, पण मी न सांगता निघण्यात तरबेज आहे.

तुझा भाऊ

२४ ऑगस्ट

बाबा रे,

येऊ नकोस. आधी नोकरी धरून राहा महिनाभर, विक्रम होईल तुझा.

ट्रकवाल्याने तुझं पत्र आणलं तेव्हा मी दवाखान्यात होते. ती त्याच दुपारी शाळेतून आली आणि तिसऱ्या मजल्यावर जिन्यात बसली. उठेचना. शिंपीणबाईंनी पाहिलं, हाक मारली, मी पिठाच्या हातांनी धावले. "काय झालं गं?" तर म्हणते, "काही नाही, आई. पायऱ्या हलतायत." लिफ्ट समोर उभी, आणि ती मला विचारते, "लिफ्टने गेलं तर चालेल का?" मी तिला उचलली. त्रेचाळीस किलो रे, पण मला कसलंच वजन लागलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

डॉक्टरीण म्हातारी आहे, बोलणं फटकळ. म्हणाली, "उंची वाढायच्या वयात मुलं आधी आडवी भरतात, मग उभी होतात. हिला उतरवायला सांगितलं कोणी?" मी गुलाबी चिठ्ठी पुढे केली. "यात लक्ष द्या असं लिहिलंय. पहारा द्या असं नाही लिहिलेलं." मग मलाच विचारलं, "तुम्ही काय जेवता?" मी म्हटलं, "माझं काय, मी ठीक आहे." त्यावर ठिपकी कॉटवरून म्हणाली, "ती जेवत नाही." मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आणि रागही आला. खरं सांगते, त्या क्षणीही आधी रागच आला.

घरी आले तर तुझं पत्र दारात. आत तिचं. वाचलं. ते पाण्याचं वाचलं. त्यावर काही लिहीत नाही.

तुझ्या भाऊजींनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा 'असू दे' म्हटलं नाही. उठले, काटा उचलला, तक्ता फाडला, आणि दोन्ही घेऊन गेले. काटा लिफ्टच्या यंत्रखोलीत ठेवलाय, तिथे फक्त त्यांनाच जाता येतं. मी म्हटलं, "आणि तुमची चॉकलेटं?" खाली मान घालून म्हणाले, "मला तिच्याशी काय बोलावं सुचत नाही, म्हणून देतो." घ्या! आता या माणसाला मी बोलायला शिकवू?

तुझा तो मग. ठेवला शेवटी. दुसऱ्या दिवशी, तिला झोपू दिलं तेव्हा. पूर्वी देत असे तसे डाव मोजून ओतले. सहा पातेली, दोनदोनदा, रस्सा तीनदा, भात वेगळा. तो मग भरला आणि ओट्यावर सांडला. मी फडक्याने पुसत उभी राहिले. त्यावर मी तिला अर्धा पाव द्यायचे आणि तोही कमी केल्यासारखा चेहरा करायचे.

आणि दुसरं, जे मी तुला कळवलं नव्हतं. ती आत येत नव्हती त्या महिन्यात माझे पाच डबे सुटले. आधी खारट, मग अळणी. मला मीठ कळतच नाही रे. चाखायचं म्हणून ओठाला लावते आणि लगेच डाव खाली ठेवते, जणू कोणी आडवा हात धरणार आहे. बारा वर्षांची असल्यापासून मी मन लावून एक पूर्ण ताट जेवलेय असं मला आठवत नाही. तुला लाथ का मारायचे, तर तुझ्या ताटात वाढत होते म्हणून. आईवर राग काढायची सोय नव्हती. आई वाईट नव्हती. हे तू मान्य केलंच पाहिजेस. ती दमलेली असायची आणि मी जवळ असायचे, एवढंच. मीही ठिपकीला जवळ घ्यायला दुसरं काही शोधलं नाही.

आता तिला मी आत बोलावलंय. आधी आलीच नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "मग ते धरणार का?" मी म्हटलं, "काहीच धरायचं नाही. चमचा छोटा, आणि तुला वाटलं तर. नाहीतर नुसती वासावरून सांग." दोन दिवस नुसती वासावर चालली होती. तिसऱ्या दिवशी रश्श्याला नाक मुरडलं आणि म्हणाली, "आई, हे तूच चाखून बघ." मी चाखलं. भयंकर होतं.

डॉक्टरणीने एक सांगितलंय, की ती जेवेल तेव्हा मी समोर बसून जेवायचं, आणि किती ते तिने ठरवायचं. ऐकायला सोपं आहे. रविवारी डबे नसतात, म्हणून त्या दिवशी सुरुवात केली. टेबलावर सगळं मांडलं, कुलूप काढलं, दोघी बसलो. तुझ्या भाऊजींना बाहेर घालवलं, ते उगाच हसवायला बघतात. मी विचारलं, "भूक आहे का तुला?"

ती म्हणाली, "किती असायला हवी?"

मी म्हटलं, "मलाही माहीत नाही गं. आपण थांबू या. लागली की कळेल."

मग आम्ही थांबलो. अन्न समोर आणि दोघी हात मांडीवर ठेवून. गार होत होतं, मला सारखं उठून तापवावंसं वाटत होतं, जीव नुसता चिडत होता. ती खिडकीबाहेर बघत होती. एकदा म्हणाली, "तुला लागली?" "नाही. तुला?" "नाही."

सव्वादहाला तिला लागली. मला दहा वाजून चाळीस मिनिटांनी.

ताई